गिझरमधला थर आणि मुतखड्याची भीती

नाशिकच्या द्वारका परिसरातील वाचक मला विचारतात, "गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, मग मुतखडाही होणार का?" ही भीती बहुतांशी अनाठायी आहे.

गंगापूर धरणाचे पाणी तुलनेने हलके असते. काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. इमारतीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळले की नळाचे पाणीही जड होते. पाणी तापले की क्षार कॉइलवर साचतात. वीज जास्त लागते, कॉइल लवकर जळते. मूत्रपिंडात पाणी असे तापत नाही. मुतखड्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. जड पाण्याच्या धास्तीने पिणे कमी केले, तर मात्र नुकसान होते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. माझ्या मते, खरी काळजी जंतूंची व नायट्रेटची करावी. म्हणून बोअरचे पाणी पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. गिझर वर्षातून एकदा जाणकाराकडून साफ करून घ्या. आधी मुतखडा झाला असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.