खाणीतला पक्षी आणि संगणकाची नवी आवृत्ती



बेल्लमपल्ली आणि मंदमर्री येथील कोळशाच्या खाणी ऑक्टोबर २०१६ पर्यंत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होत्या; फेररचनेनंतर त्या मंचेरियाल जिल्ह्यात गेल्या. कोळशाच्या खाणीत आग लागली वा स्फोट झाला, की कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सुचविले, की कॅनरी हा चिमुकला पक्षी पिंजऱ्यातून सोबत न्यावा. त्याचा श्वास जलद असल्याने त्याला वायूची बाधा माणसाच्या आधी होते. पक्षी दांडीवरून कोसळला, की माणसांनी बाहेर पडावे. १९८६ साली ब्रिटनने त्याच्या जागी विद्युत-उपकरणे आणण्याचे ठरविले. पक्ष्याचे काम संपले. त्याचे नाव मात्र संगणकशास्त्राने उचलले.

आज सॉफ्टवेअरमधील एखादा बदल ‘पाइपलाइन’ नावाच्या स्वयंचलित मार्गाने पुढे जातो. प्रोग्रॅमरने बदल सुपूर्द केला, की यंत्रणाच तो बांधते, त्याच्या चाचण्या घेते आणि उत्तीर्ण झालेली आवृत्ती सर्व्हरवर चढविते. परंतु चाचणीत न आढळलेला दोष प्रत्यक्ष वापरात प्रकटतो. म्हणून नवी आवृत्ती प्रथम शेकडा १ ग्राहकांनाच द्यावयाची, उरलेल्या ९९ जणांकडे जुनीच ठेवावयाची. दोन्हीकडील चुकांचे प्रमाण व प्रतिसादाचा वेळ यांची तुलना यंत्रणा करते. सर्व ठीक असेल तर हा वाटा ५, २५, ५० असा वाढतो. बिघाड दिसताच सर्वांना जुन्या आवृत्तीकडे वळविले जाते. हीच कॅनरी पद्धत होय.

ती टाळल्यास काय घडते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने एक सदोष अद्ययावत फाइल आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर टप्पे न पाडता पाठविली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले होते. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. फाइल मागे घेतल्याने नवी हानी थांबली, पण बंद पडलेल्या संगणकांपाशी अनेक ठिकाणी माणसालाच जावे लागले. पुढे त्या कंपनीने कॅनरीपासून सुरू होणारी टप्प्याटप्प्याची पद्धत जाहीर केली.

तथापि, पद्धतीचे नाव घेतल्याने सुरक्षितता येत नाही. हजारातून सरासरी एक विनंती बिघडविणारा दोष पहिल्या १०० विनंत्यांत दिसण्याची शक्यता जेमतेम १० टक्के असते; ३,००० विनंत्या पाहिल्यावर ती ९५ टक्क्यांवर जाते. घाईने पुढचा टप्पा गाठणे म्हणजे पक्ष्याकडे न पाहताच खाणीत शिरणे. तसेच डेटाबेसची रचना बदलताना ती दोन्ही आवृत्त्यांना चालली पाहिजे. नाहीतर परतीची वाटच बंद होते.

अखेरचा प्रश्न तांत्रिक नाही : कॅनरी कोणी व्हावे? केवळ हैदराबादमधील वेगवान जोडणीचे ग्राहक निवडले, तर उटनूर वा इंद्रवेल्लीतील जुन्या मोबाइलवर काय बिघडते ते कळणारच नाही. उलट, ज्यांची तक्रार वरपर्यंत पोहोचत नाही त्यांच्यावरच प्रत्येक वेळी प्रयोग करणे हा अन्याय होय. वाटा लहान असावा, सर्व प्रकारच्या ग्राहकांचा असावा आणि दर वेळी तेच ते लोक त्यात नसावेत.

खाणीतील बचाव-पथकांकडे प्राणवायूची नळकांडी जोडलेला एक पिंजरा असे. पक्षी कोसळताच दार बंद करून प्राणवायू सोडीत व त्याला शुद्धीवर आणीत. ज्याने आपल्यासाठी धोका पत्करला त्याला वाचविण्याची सोय आधीच करून ठेवणे, हे त्या पिंजऱ्यामागचे शहाणपण. संगणकाच्या व्यवहारात जुन्या आवृत्तीकडे तत्काळ परतण्याची व्यवस्था म्हणजे तोच प्राणवायू. ती सिद्ध असेल तरच नवी आवृत्ती पहिल्या माणसाच्या हाती द्यावी.