मध्ये विमान न बदलता

एअर इंडियाचा विषय निघाला की हल्ली बोलणं होतं ते नव्या विमानांबद्दल. फेब्रुवारी 2023मध्ये जाहीर झालेली 470 विमानांची मागणी सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यातली लांब पल्ल्याची, रुंद बांध्याची विमानं मात्र सत्तरच : 40 एअरबस ए-350, 20 बोइंग 787 आणि 10 बोइंग 777-एक्स. पण लेकीच्या बाळंतपणासाठी डोंबिवलीहून न्यू जर्सीला निघालेल्या आईला आधी एकच विचारायचं असतं, मध्ये विमान बदलावं लागेल का?

या कंपनीचं खरं बळ याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, असं मला ठामपणे वाटतं. दुबई किंवा दोहामार्गे नेणाऱ्या कंपन्यांची सेवा चांगली आहे, पण सत्तरीच्या माणसाला अनोळखी विमानतळावर मध्यरात्री पुढचं गेट शोधायला लावणारा प्रवास सुखाचा कसा म्हणावा? अमेरिकेच्या उड्डाणापाशी लागणारी व्हीलचेअरची रांग पाहावी. त्यातल्या कित्येकांचे पाय धड असतात. त्यांना हवा असतो तो वाट दाखवणारा माणूस.

8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. 1960मध्ये बोइंग 707 न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि 1962मध्ये कंपनीचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला. तेव्हा सगळ्याचं केंद्र मुंबई होती. आज ते दिल्लीला सरकलं आहे. लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को 2025मध्ये मुंबईहून थेट गाठता येत होते. शिकागो, टोरांटो, सिडनीसाठी आपल्या माणसाला आधी दिल्लीला जावं लागत होतं. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून परदेशी गेलेल्यांची संख्या पाहता ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

त्यात आकाशच आक्रसलं. एप्रिल 2025च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेलं विमान आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागलं. वळसा वाढला की इंधन जास्त भरावं लागतं, आणि वजनाची मर्यादा असल्याने तेवढे प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. म्हणून अमेरिकेची काही उड्डाणं इंधन भरायला आणि कर्मचारी बदलायला व्हिएन्नाला थांबू लागली. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर 1 सप्टेंबरपासून थांबवली गेली. उलट रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना 2022पासून बंद आहे आणि एअर इंडियाला खुलं, हा तिचा मोठा फायदा.

आता आतली बाजू. ए-350मध्ये 316 जागा आहेत : 28 बिझनेस, 24 प्रीमियम इकॉनॉमी, 264 इकॉनॉमी. बिझनेसची मांडणी 1-2-1 अशी, म्हणजे कुणालाही शेजाऱ्याला ओलांडून बाहेर यावं लागत नाही. जुन्या 777मध्ये तोच वर्ग 2-3-2 आहे; तेवढेच पैसे देऊन मधली खुर्ची नशिबी येऊ शकते. इकॉनॉमीत 777ला एका रांगेत दहा जण, 787 आणि ए-350मध्ये नऊ. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात तो एक माणूस कमी असणं खांद्यांना कळतं.

ज्येष्ठांसाठी मी आणखी एक गोष्ट बघायला सांगेन. 787 आणि ए-350चा सांगाडा मुख्यतः कार्बनतंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. त्यामुळे आतला हवेचा दाब सुमारे 6,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवता येतो. धातूच्या जुन्या विमानांत तो 8,000 फुटांच्या आसपास असतो. गंजण्याची भीती कमी, म्हणून हवाही थोडी दमट ठेवता येते. घसा कमी सुकतो, पाय-डोकं कमी जड होतं. तिकीट काढताना वर्गाआधी विमानाचा प्रकार पाहावा तो यासाठी.

12 जून 2025ला अहमदाबादेत कोसळलेलं एअर इंडियाचं विमान मात्र 787-8च होतं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. त्यानंतर खुर्च्या आणि पडद्यांची चर्चा दुय्यम ठरली, ते योग्यच झालं. देखभाल आणि तपासणी यांवर खर्च होणारा प्रत्येक तास प्रवाशाच्या हिताचा आहे. जुनी 787-8 विमानं जुलै 2025पासून एकेक करून आतून नवी करायला कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलला जात आहेत. सगळ्यांची पाळी यायला वेळ लागेल. तोवर न्यूयॉर्कचं किंवा लंडनचं तिकीट काढताना त्या दिवशी कोणतं विमान लागलं आहे, ते मुलांनी आई-वडिलांसाठी आधी पाहून ठेवावं, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवावी.