फाइल सापडत नाही? आधी घरातलं बघा, मग बाहेरचं आणा

शिरूर आणि दौंडकडच्या बऱ्याच गटांत आता संगणक किंवा लॅपटॉप आला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. तरीही बँकेतून फोन आला की, 'अमक्या ताईंच्या पासबुकची प्रत लगेच पाठवा', आपली धांदल उडते. फाइल असते, पण सापडत नाही.

माझंही असंच झालं. कर्जप्रस्तावाचा दिवस होता आणि एका ताईंचं पासबुक सापडेना. घाईघाईत मी इंटरनेटवर फाइल शोधून देणारं सॉफ्टवेअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलं ते डाउनलोड केलं. ती जाहिरात होती. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर 'तुमच्या संगणकात व्हायरस आहेत, पैसे भरा' असं येऊ लागलं. शेवटी विंडोज पुन्हा टाकावं लागलं. कागदांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. चौदा जणींना मजुरी बुडवून पुन्हा झेरॉक्स आणून द्यावी लागली. त्यातल्या एका मावशींनी विचारलं, "अगं, मग आधीचे आधार कुणाच्या हाती गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज हे सांगतेय.

विंडोजच्या संगणकात खालच्या पट्टीवर पिवळ्या फोल्डरचं चित्र असतं. त्याला फाइल एक्सप्लोरर म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातली मांडणीच समजा. सगळ्या फाइली तिथं दिसतात. या मांडणीला जोड म्हणून वरून टाकायची छोटी सॉफ्टवेअर मिळतात. पण नवा डबा आणण्याआधी घरात काय आहे ते बघावं.

फाइल एक्सप्लोरर उघडून ऑल्ट आणि पी ही बटणं एकत्र दाबा. उजवीकडे कप्पा उघडतो आणि फाइल न उघडताच फोटो किंवा पीडीएफ दिसते. फाइल निवडून एफ-२ दाबलं की नाव बदलता येतं. विंडोज ११ मध्ये २०२२ पासून कंट्रोल आणि टी दाबून एकाच खिडकीत दोन-तीन फोल्डर उघडता येतात. झिप फाइलही वरून काही न टाकता उघडते. म्हणजे अर्धं काम इथंच झालं.

आता जोड कधी लागते? आपली नेमकी अडचण काय, ते आधी कागदावर लिहा. आपल्या गटांत साधारण तीन अडचणी येतात.

पहिली, शोधायला वेळ लागतो. त्यासाठी 'एव्हरीथिंग' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते व्हॉइडटूल्स यांचं आहे. नावातली दोन-तीन अक्षरं लिहिली की त्या नावाच्या सगळ्या फाइली लगेच समोर येतात. पण एक लक्षात ठेवा, ते नाव शोधतं. स्कॅन केलेल्या कागदावर काय लिहिलंय, ते त्याला कळत नाही. फाइलीचं नाव 'स्कॅन ४७' असेल, तर 'सुनीता' लिहून ती सापडणार नाही. म्हणून गाव, नाव, कागद, वर्ष असा क्रम ठरवा. उदाहरणार्थ, 'न्हावरे सुनीता पासबुक २०२५'. मराठी नाव युनिकोडमध्येच टाइप करा. आणि एकीनं सुनीता, दुसरीनं सुनिता असं नको. पासबुकवर आहे तेच लिहा.

दुसरी अडचण, फोटो फार मोठे होतात आणि ऑनलाइन अर्ज ते घेत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच 'पॉवरटॉइज' मोफत आहे. फोटोवर उजवं बटण दाबून आकार लहान करता येतो. मूळ फोटो तसाच राहतो, लहान प्रत वेगळी बनते. एकाच वेळी वीस फाइलींची नावं बदलायची सोयही त्यात आहे आणि बदलण्याआधी नवी नावं कशी दिसतील ते दाखवते. त्यात इतरही बरंच काही आहे. लागत नाही ते बंद ठेवा.

तिसरी अडचण, आधारच्या प्रती ई-मेलनं पाठवायची भीती वाटते. ती वाटायलाच हवी. 'सेव्हन-झिप' या मोफत सॉफ्टवेअरनं फाइली एकत्र बांधून त्यावर पासवर्ड घालता येतो. विंडोजच्या आपल्या झिपमध्ये पासवर्ड घालायची सोय नाही. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. समोरच्याकडे ती फाइल उघडायची सोय आहे ना, तेही आधी विचारा.

आता निवडायचं कसं? एका अडचणीला एकच सॉफ्टवेअर. अशी बरीचशी सॉफ्टवेअर उजव्या बटणाच्या यादीत आपली एक ओळ घालतात. दहा टाकली तर यादी लांबते, आणि त्यातलं एखादं बिघडलेलं असेल तर फाइल एक्सप्लोरर अडकतो किंवा आपोआप बंद होतो. म्हणून एक टाकायचं, आठ दिवस वापरायचं, उपयोग नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन काढायचं.

डाउनलोड करताना ते बनवणाऱ्याच्याच साइटवर जा. पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. सेव्हन-झिपच्या पत्त्यात सेव्हन आणि झिपच्या मध्ये आडवी रेघ आहे आणि शेवटी डॉट ओआरजी आहे. तेवढी रेघ चुकली तरी आपण भलत्याच ठिकाणी जातो. 'संगणक वेगवान करा', 'व्हायरस साफ करा' असं सांगणारं काहीही टाकू नका. आणि टाकण्याआधी सगळ्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलपात ठेवा. ते काम मी केलं असतं, तर त्या चौदा जणींचा रोज बुडाला नसता.

मैत्रिणींनो, गटाचे पैसे आपण तिजोरीत ठेवतो, किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे. बायकांचे कागदही तसेच सांभाळायचे. या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा: फाइलींना नावं कशी द्यायची याचा ठराव लिहा, आणि संगणकात नवं काही टाकायचं असेल तर ते सचिव आणि आणखी एका सदस्येनं मिळूनच टाकायचं, हेही त्यात लिहा. पुढं कुणी विचारलं, 'माझे कागद कुठं आहेत', तर आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे.