नॉक सेन्सर बिघडल्यावर महाग पेट्रोल काय करतं

घाटात गाडी ओढेनाशी झाली की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांचा सल्ला एकच असतो : 'प्रीमियम भरून बघा.' चेक इंजिनचा पिवळा दिवा समोर लागलेला असतो, तरीही. माझ्या भाच्याच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचं हेच झालं होतं. स्कॅनरवर पी ०३२५ हा कोड आला, म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. दुरुस्तीआधी ताम्हिणीच्या चढावर तिचं वागणं बघायचं आम्ही ठरवलं.

हा सेन्सर दोन बोटांत मावेल एवढाच, इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने आवळलेला. आतला पीझो स्फटिक हादऱ्याचं विजेच्या दाबात रूपांतर करतो. स्पार्क पडला की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. पण कोपऱ्यातलं मिश्रण तिची वाट न पाहता दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तेच नॉकिंग. ते फार काळ चाललं तर पिस्टनची वाट लागते. त्या हादऱ्याची कंपनं ओळखली की इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, स्पार्क काही अंश उशिरा पाडतो आणि इंजिन शांत झालं की हळूहळू पुन्हा पुढे आणतो.

विळे सोडून चढाला लागलो. भाचा शेजारी बसून मोबाइलवर टायमिंगचे अंश वाचत होता. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी आकडा मागेच अडकलेला. नॉकिंगचा आवाज नाही, पण पिकअपही नाही. वळणावर दुसरा गिअर टाकावाच लागायचा. पुढच्या खेपेला टाकी उतरल्यावर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. आकडा जागचा हलला नाही.

हलणार कसा? सेन्सरचा सिग्नल तुटला की टाकीत कोणतं पेट्रोल आहे हे ईसीयूला कळायचा मार्गच उरत नाही. वाईटात वाईट धरून तो टायमिंग मागे ठेवतो. उशिरा पेटलेल्या मिश्रणाची बरीच उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून निघून जाते. ताकद कमी, ॲव्हरेज कमी, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला विनाकारण ताप. ऑक्टेन म्हणजे आपोआप पेटण्याला विरोध करण्याची क्षमता. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, हा समज पैसे खातो. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने आणलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल दिल्लीत लिटरला १६० रुपये होतं. अशा बिघडलेल्या गाडीत ते ओतणं मला खरोखर वाईट वाटतं.

एक प्रकार मात्र वेगळा. बोल्ट ढिला असला किंवा सेन्सरखाली गंज धरला, तर सर्किट शाबूत राहतं आणि कोड येत नाही. सेन्सरला फक्त कमी ऐकू येतं. ईसीयू निर्धास्तपणे टायमिंग पुढे ठेवतो आणि चढावर खडखड सुरू होते. तिथे दुरुस्ती होईपर्यंत जास्त ऑक्टेन खरंच इंजिन वाचवतं. सोबतीला गिअर लवकर उतरवावा, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये.

हल्ली ॲव्हरेज घटलं की सगळे इथेनॉलला दोष देतात. २० टक्के इथेनॉलने ते थोडं घटतं, हे खरं. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. पण त्याचा स्वतःचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर असल्याने नॉकिंग उलट कमीच होतं. या गोंधळात सेन्सरकडे कुणी बघतच नाही.

गॅरेजात मिस्त्रींनी नवा सेन्सर मागवायची घाई केली नाही. आधी मल्टिमीटर लावला. "दादा, सेन्सर ठीक आहे. वायर उंदराने कुरतडलीय." इनटेक मॅनिफोल्डखाली वायरचं आवरण सोललेलं होतं. त्यांनी नवा तुकडा जोडला, सेन्सरखालची जागा घासून कोरडी केली आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. अशा बोल्टला बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो. अंदाजाने आवळलेला बोल्ट सेन्सरला पुन्हा बहिरा करू शकतो. कोड पुसून आम्ही साधं पेट्रोल भरलं. त्याच चढावर भाचा वाचत असलेले आकडे आता सतत मागेपुढे होत होते, आणि वळणांवर तिसरा गिअर पुरत होता.