द्वितीय प्रवरसेनाचें ‘क्रमप्राप्त’ राज्य

हिंगणघाटच्या उत्तरेस जांब येथें सांपडलेला वाकाटक महाराज दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या २६ व्या खंडांत प्रसिद्ध केला. त्या वेळीं समुद्रपूरकडचा हा मुलूख हिंगणघाट तहसिलींत मोडत असे. समुद्रपूर तालुका मागाहून झाला. पट राजाच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा असून नंदिवर्धन या राजधानीहून दिलेला आहे. सुप्रतिष्ठ नांवाच्या आहारांतील, म्हणजे जिल्ह्यांतील, कोथुरक हें गांव कालुट्टक नामक ब्राह्मणास दिल्याचें त्यांत नमूद आहे. चतुःसीमा सांगतांना उमा नदी, चिंचापल्ली, बोंथिकवाटक व मंडुकीग्राम हीं नांवें येतात. उमा म्हणजे आमची वणा, मंडुकीग्राम म्हणजे मांडगांव, बोंथिकवाटक म्हणजे बोथड, चिंचापल्ली म्हणजे चिचोली, असें मिराशींनीं ठरविलें. कोथुरक मात्र उरलें नाहीं. शेजारचीं गांवें दीड हजार वर्षें नांव राखून आहेत आणि ज्याचें दान झालें तेंच नाहीसें झालें, हें पाहून कोणासही नवल वाटेल.

एवढ्यावर पट मिटून ठेवला तर तो एक दानपत्र ठरेल. परंतु याच सुप्रतिष्ठाहारांतील दुसऱ्या एका दानाचा पट उपलब्ध असून, दोन्ही शेजारीं ठेविले असतां प्रवरसेन राज्यावर कसा आला हा प्रश्न उभा राहतो. हा दुसरा पट विदर्भांत नव्हे, तर पुण्यास एका तांबटाकडे मिळाला. का. बा. पाठक व का. ना. दीक्षित यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या १५ व्या खंडांत छापिला. तांबटाच्या घरचें तांबें शेवटीं कोठें जातें हें संग्राहकांस सांगावयास नको. हा पट मुशींत गेला नाहीं हें आपलें भाग्य. त्यांत दंगुण हें गांव आचार्य चनालस्वामी यांस कार्तिक शुद्ध द्वादशीस दिलें आहे. मिराशींच्या मतें दंगुण म्हणजे हिंगणघाटच होय. वर्ष १३ वें, स्थळ नंदिवर्धन. परंतु देणारा राजा नाहीं. देणारी आहे प्रभावतीगुप्ता, गुप्तसम्राट् दुसरा चंद्रगुप्त याची कन्या, वाकाटक दुसरा रुद्रसेन याची विधवा आणि युवराज दिवाकरसेनाची माता.

तिची कहाणी थोडक्यांत सांगतां येते. रुद्रसेन इ. स. ४०५ च्या सुमारास अल्पकाळ राज्य करून वारला. मुलगे लहान होते. राणीनें राज्यसूत्रें हातीं घेतलीं आणि निदान तेरा वर्षें चालविलीं. तिच्या पटाचा आरंभ सासरच्या नव्हे, माहेरच्या वंशावळीनें होतो. प्रथम गुप्त राजे येतात, मग वाकाटकांचें नांव निघतें. नंदिवर्धनाच्या कचेरींत त्या काळीं कोणाचें वजन होतें, हें याहून निराळें सांगावयास नको.

आतां मुद्रेकडे वळूं. पुण्याच्या पटावरील मुद्रेंत एक अनुष्टुभ् आहे. वाकाटककुलाचें भूषण, क्रमानें राजलक्ष्मी पावलेला जो युवराज, त्याच्या जननीचें हें शासन शत्रूंस शासन करणारें आहे, असा त्याचा भाव. पुढें प्रवरसेनाच्या पटांवर जी मुद्रा येते तिच्यांत हाच श्लोक आहे. बदल काय तो तिसऱ्या चरणांत. तेथून ‘जननी’ व ‘युवराज’ हे शब्द निघाले आणि राजा प्रवरसेन आला. बाकीचें सर्व तसेंच राहिलें. ‘क्रमप्राप्त’ हें विशेषणही तसेंच राहिलें.

मीं आयुष्यभर मुलांस विभक्ति शिकविल्या, म्हणून हें शब्दांचें जुळणें मला सहज सोडवत नाहीं. आईच्या मुद्रेंत दोन षष्ठ्या आहेत. राजलक्ष्मी युवराजाची, पण आज्ञा जननीची. मुलाचें नांव विशेषणांनीं सजलेलें आणि हुकूम दुसऱ्याचा. दिवाकरसेन तेराव्या वर्षींही युवराजच होता. महाराज म्हणून त्याचा एकही पट मिळालेला नाहीं. तो अकालीं वारला असावा हें मत सर्वत्र रूढ आहे, आणि तें संभवनीय आहे. पण बापाच्या मृत्यूच्या वेळीं तो अगदीं तान्हा नसेल, तर तेराव्या वर्षीं तो राज्य करण्यास अपात्र कां ठरावा, ही शंका मनांतून जात नाहीं.

दिवाकरसेनानंतर कोण? ऋद्धपूरचा पट प्रवरसेनाच्या १९ व्या वर्षाचा, पण तोही प्रभावतीनेंच रामगिरिस्वामीच्या पायापासून, म्हणजे रामटेकाहून, दिलेला. त्यांत ती आपणांस दामोदरसेन व प्रवरसेन यांची माता म्हणविते. येथें मिराशींनीं असें मानलें कीं दामोदरसेन हेंच प्रवरसेनाचें पूर्वींचें नांव असून राज्याभिषेकसमयीं तें बदललें. मिराशींच्या विद्वत्तेपुढें नम्र होऊनही हें मत आतां सोडलें पाहिजे. भंडारा जिल्ह्यांतील मिरेगांवच्या पटाची मुद्रा तिचीच आहे, आणि तींत ती दोन वाकाटक राजांची जननी म्हणविते. शब्द द्विवचनांत आहे. मराठींत द्विवचन नाहीं, म्हणून आपण त्याकडे काणाडोळा करूं. संस्कृतांत ‘नरेन्द्रयोः’ म्हणजे दोनच, एक नव्हे आणि तीन नव्हेत. याचा अर्थ दामोदरसेन हा वेगळा राजा होता आणि दिवाकरसेन राजा झालाच नाहीं. प्रवरसेन हा तिसरा भाऊ. ‘क्रमप्राप्त’ या शब्दाच्या पोटांत किती गोष्टी दडल्या आहेत पाहा!

दामोदरसेन कसा गेला हें कोणत्याही पटांत नाहीं. मात्र प्रवरसेनाचा स्वभाव दुसऱ्या एका लेखांतून डोकावतो. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरांतील शिलालेख चुन्याच्या थरांखालीं झांकलेला होता. तो गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत उजेडांत आला, आणि हान्स बाकर व हरुनागा आयझॅकसन यांनीं १९९३ मध्यें त्याचें सविस्तर वाचन छापिलें. लेख पुष्कळ झिजलेला आहे. बाकर यांनीं लाविलेल्या अर्थाप्रमाणें प्रभावतीची कन्या गुप्तकुलांतील घटोत्कचास दिली होती, आणि तिच्या भावानें तिला बळानें माहेरीं आणिलें. हा भाऊ प्रवरसेनच, असें ते समजतात. गुप्तांच्या घरांतून बहीण ओढून आणणें हें केवळ कौटुंबिक कृत्य नव्हे.

पटांतील भाषेनेंही तीच दिशा दाखविली आहे. आई विष्णुभक्त, प्रवरसेन स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो आणि शंभूच्या प्रसादानें कृतयुग आणिल्याचें श्रेय घेतो. त्याची वंशावळ वाकाटक सम्राट् पहिला प्रवरसेन याच्यापासून निघते. आजोबा देवगुप्त, म्हणजे चंद्रगुप्त, तींत आईचा बाप म्हणून एका विशेषणापुरता येतो. ११ व्या वर्षाच्या बेलोरा पटापर्यंत तो नंदिवर्धनासच आहे. १८ व्या वर्षींचा चम्मक पट प्रवरपुराहून निघाला आहे. म्हणजे त्या सातआठ वर्षांत त्यानें आपल्या नांवाची नवी राजधानी केली. प्रवरपूर म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील पवनार हें मिराशींचें मत. तेथें १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें उत्खनन केलें. पुढें मनसरच्या उत्खननानंतर कित्येकांचा कल तिकडे वळला. वर्धेकर म्हणून माझा पक्ष उघड आहे, तेव्हां निवाडा इतरांनीं करावा. एवढें खरें कीं एकोणिसाव्या वर्षीं पुत्र प्रवरपुरीं आणि माता रामगिरीस, आणि दोघेही आपापल्या नांवानें दानें देत होते.

चम्मकचा पट तर राजाच्या मनाची भीति उघड करतो. एक हजार ब्राह्मणांस दिलेल्या या गांवास अट अशी कीं, त्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करूं नये, लढाई करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. केल्यास राजा जमीन काढून घेईल आणि तें चोरी ठरणार नाहीं. दानपत्रांत असली अट विरळाच सांपडते. ज्याचें आसन निर्वेध आहे तो ब्राह्मणांकडून राजद्रोह न करण्याचें अभिवचन घेत नाहीं. प्रवरसेनाचें आसन टिकलें खरें. पांढुर्ण्याचा पट २९ व्या वर्षाचा आहे. पण पुत्र नरेंद्रसेनास कुळाची लक्ष्मी परत मिळवावी लागली, असें बालाघाट पटाच्या भाषेवरून दिसतें, आणि नल राजा भवदत्तवर्म्याचा पट तर खुद्द नंदिवर्धनाहून निघाला आहे.

संग्राहकांस माझी एक विनंति आहे. पटाचे पत्रे, कडें आणि मुद्रा हीं एकत्र ठेवावीत, आणि पट कोणत्या गांवीं, कोणाच्या शेतांत मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कडें तोडून मुद्रा वेगळी विकली गेली असती तर दिवाकर, दामोदर व प्रवर यांचा हा हिशेब मांडतां आला नसता. मांडगांव, बोथड, चिचोली यांच्या मधल्या शेतांत नांगरतांना जुन्या विटा व खापरें निघत असल्यास तेथील कोणीं सांगावें. कोथुरकाचें ठिकाण शोधण्यास दुसरा मार्ग नाहीं.