उष्णोदकस्नानाची शिस्त : तुर्की हमाम आणि वज्रेश्वरीची कुंडे

थंडीची चाहूल लागली की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वसाहतींतून वज्रेश्वरीच्या सहलीचे बेत सुरू होतात. घणसोलीजवळच्या तळवलीतून पहाटे निघालेले कुटुंब ठाणे, भिवंडी आणि अंबाडी या मार्गाने, रस्ता मोकळा असल्यास, दीड-दोन तासांत तानसा नदीच्या काठी पोहोचते. गाडीत आजी-आजोबा असतात, कारण सहलीचे निमित्त बहुधा त्यांचे गुडघेच असतात. दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे बसून कंबर आखडलेले वडीलही त्यात असतात. त्याच घरातील तरुण जोडपे तुर्कस्तानच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका वाचताना ‘हमाम’ या शब्दाशी अडखळते. दोन्ही ठिकाणी मनात येणारे प्रश्न सारखेच आहेत. अंगावर काय असावे? सोबत कोण असेल? किती वेळ थांबावे? प्रकृतीला झेपेल का? आपल्या आचाराला बाध येईल का?

फरक एवढाच की हमामात या प्रश्नांची उत्तरे शतकानुशतकांच्या परिपाठातून ठरून गेली आहेत आणि ती सांगणारा सेवक जवळ उभा असतो. कुंडावर असे सांगणारे कोणी नसते. म्हणून हमामाची रीत आधी समजून घेतली, तर ती परदेशात उपयोगी पडेलच. पण त्याहून अधिक उपयोग तिचा घराजवळच्या कुंडावर होईल.

हमामात काय घडते

तुर्की हमाम म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. पारंपरिक हमामात बुडी मारण्याजोगा हौद सहसा नसतोच. इस्लामी शुचितेच्या कल्पनेत साचलेल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी श्रेष्ठ मानले जाते. त्यामुळे तेथे स्नान होते ते अंगावर पाणी ओतून घेऊन. नैसर्गिक उष्ण झऱ्यांवरची स्नानगृहे याला अपवाद आहेत. बुर्सा शहरातील अशा जुन्या स्नानगृहांत हौद आढळतात.

इस्तंबूलमधील चेंबरलिताश हमाम 1584 सालचा आहे. सुलतान तिसरा मुराद याची आई नूरबानू सुलतान हिने तो बांधविला आणि त्याची रचना सिनान या थोर वास्तुविशारदाची मानली जाते. तो आजही चालू आहे. अशा हमामाचे तीन भाग असतात. पहिले दालन थंड. तेथे कपडे बदलायचे आणि पेश्तेमाल नावाचे पातळ सुती वस्त्र गुंडाळायचे. आपल्याकडील पंचा डोळ्यांसमोर आणला की त्याची कल्पना येते. दुसरे दालन कोमट. तेथे शरीर उष्णतेला हळूहळू सरावते. तिसरे दालन उष्ण. त्याच्या घुमटातील लहान गोल काचांतून उजेड झिरपतो आणि मध्यभागी खालून तापविलेला संगमरवरी ओटा असतो. त्यावर पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ पडून घाम येऊ द्यायचा असतो.

यानंतर खरे स्नान सुरू होते. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. तोटीचे पाणी कुर्नात पडते आणि त्यातून वाटीसारख्या भांड्याने ते अंगावर घेतले जाते. कुर्नात हात बुडवू नये, साबणाचे पाणी त्यात पडू देऊ नये, हा तेथला पहिला शिष्टाचार आहे. मग सेवक ‘केसे’ नावाच्या खरखरीत हातमोज्याने अंग घासतो. नरकचतुर्दशीला उटणे लावून अंग चोळताना मळ सुटतो, तशीच मृत त्वचा येथे वळ्यावळ्यांनी निघते. पुढे साबणाचा भरपूर फेस, पुन्हा पाणी आणि शेवटी कोरड्या वस्त्रात गुंडाळून थंड दालनात विश्रांती. तेथे चहा मिळतो; तो नको असल्यास नुसते बसून राहावे. विश्रांती हाही स्नानाचाच भाग आहे, ती गाळून कोणी उठत नाही.

मर्यादेचा प्रश्न अनेकांना सतावतो. परंपरेने स्त्री-पुरुषांचे विभाग किंवा वेळा वेगळ्या असतात. पुरुषांना पुरुष सेवक आणि स्त्रियांना स्त्री सेविका असते. मात्र पर्यटकांसाठी चालणाऱ्या काही हमामांत ही पद्धत सैल झाली आहे. वेळ ठरवितानाच विभाग वेगळा आहे ना, सेवा कोण करणार, हे स्पष्ट विचारावे. पेश्तेमाल अंगावर ठेवता येते, आतून वस्त्र घालता येते आणि अनेक ठिकाणी सेवकाविना स्वतःचे स्वतः स्नान करण्याचीही सोय असते. अहिंसेच्या दृष्टीने आणखी दोन चौकशा कराव्यात. पारंपरिक साबण ऑलिव्ह तेलाचा असतो. पण केसेचा हातमोजा रेशमाचा किंवा बकरीच्या केसांचाही असू शकतो. घरून सुती किंवा घोसाळ्याच्या जाळीचा मोजा नेल्यास तो प्रश्नच उरत नाही.

ओळखीचा शब्द, विसरलेली वास्तू

‘हमामखाना’ हा शब्द मराठीला नवा नाही. खानदेशाच्या सीमेवर, रावेरच्या पुढे, बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात तापीकाठी मोगलकालीन हमाम आजही पाहायला मिळतो. त्याच्या छतावरील रंगीत वेलबुट्टी काळाने पुसट झाली असली तरी पूर्वीच्या वैभवाची साक्ष देते. मुमताजमहलचे निधन 1631 साली याच नगरात झाले. पुढे 1903 मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले, तेव्हा त्याच्या नवलाईंमध्ये तुर्की स्नानगृहाचीही गणना होत असे. म्हणजे हमाम आपल्याकडे आला तो राजवाड्यात आणि मोठ्या हॉटेलात. सामान्य माणसाचे उष्ण सामुदायिक स्नान मात्र निसर्गानेच कोकणपट्टीत मांडून ठेवले होते.

तानसाकाठची कुंडे

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात उत्तरेस पालघर-ठाण्यापासून दक्षिणेस राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम पाण्याचे झरे एका माळेसारखे ओवलेले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ, आरवली, उन्हवरे ही त्यांतली परिचित नावे. येथे कोणताही जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येते. वाटेत खडकांतले क्षार त्यात विरघळतात, म्हणून त्याची चव आणि वास वेगळा लागतो.

तळवलीकरांना सर्वांत जवळचा समूह वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील आहे. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या 1739 मधील वसईविजयाशी जोडलेले आहे. नवस फेडण्यासाठी ते उभारले गेले, असे परंपरा सांगते. तटबंदीमुळे ते एखाद्या गढीसारखे दिसते. पायऱ्या बऱ्याच आहेत, हे गुडघेदुखीच्या माणसाला आधीच सांगावे. कुंडे मुख्यतः जवळच्या अकलोलीत नदीकाठी आहेत आणि पुढे गणेशपुरीत भीमेश्वर महादेवाच्या मंदिरापाशी आहेत.

तेथे गेल्यावर संगमरवर, घुमट, सेवक यांची अपेक्षा ठेवू नये. दगडी किंवा सिमेंटचे चौकोनी हौद, ओल्या पायऱ्या, वर उठणारी वाफ आणि गर्दी, असे साधे दृश्य असते. सर्व कुंडांची उष्णता सारखी नसते. एकात पाय टाकवतो, दुसऱ्यात बोटही टिकत नाही. आडोशाची सोय सर्वत्र सारखी नाही. स्त्रियांनी आणि वृद्धांनी आधी जागा पाहून घ्यावी. परिसरातील काही निवासस्थानांत झऱ्याचे पाणी खोलीत किंवा वेगळ्या टाकीत मिळते. कुटुंबासाठी तो पर्याय अधिक निवांत. रविवार, नवरात्र आणि चैत्रातील यात्रेचे दिवस टाळलेले बरे. पावसाळ्यात तानसा चढलेली असताना नदीकाठच्या कुंडांकडे फिरकूच नये.

उतरण्याऐवजी ओतून घ्यावे

हमामाची रीत येथे कामी येते. कुंडावर पोहोचलेला माणूस बहुधा थेट पायऱ्या उतरतो आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसतो. गाडीतल्या गारव्यातून आलेल्या शरीराला हा धक्का असतो. गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. माणूस पटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शेवाळलेल्या पायरीवर तोल जातो. हाड मोडण्याचा धोका वृद्धांना येथे सर्वाधिक असतो.

याउलट हमामाचा क्रम पाळावा. प्रथम काठावर दहा मिनिटे बसावे. नंतर हाताने उष्णता पाहून पावलांवर, मग गुडघ्यांवर तांब्याने पाणी घ्यावे. दुखणाऱ्या सांध्यांवर धार धरली तरी हेतू साधतो. त्यासाठी संपूर्ण शरीर बुडविण्याची गरज नाही. पाण्यात बसायचेच असेल तर ज्यांना कोणताही विकार नाही त्यांनीही दहा मिनिटांवर थांबू नये. डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये, कारण उष्ण गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया हा सूक्ष्म जीव नाकावाटेच मेंदूपर्यंत पोहोचतो. उठताना आधी काठावर बसावे, मग कोणाचा तरी हात धरून उभे राहावे. अंग कोरडे करून सावलीत निदान अर्धा तास विसावा घ्यावा. गाडी चालविणाऱ्याने तर हा विसावा टाळूच नये.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गर्भारपण, ताप किंवा उघडी जखम असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे स्नान करू नये. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावे. पाणी पोळते आहे हेच त्यांना कळत नाही आणि फोड आल्यावर लक्षात येते. त्यांच्यासाठी उष्णता दुसऱ्याने पाहावी. आपल्या घरांत आणखी एक दक्षता हवी. उपवास, आयंबिल किंवा तेला चालू असताना शरीरात पाणी आणि शक्ती दोन्ही कमी असतात. अशा दिवशी हमाम असो वा कुंड, दोन्ही वर्ज्य समजावीत. पारण्यानंतरही काही दिवस जाऊ द्यावेत.

उष्णतेने स्नायू सैलावतात, आखडलेपणा कमी होतो, त्या रात्री झोप चांगली लागते; हा लाभ खरा आहे. परंतु झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. ‘वज्रेश्वरीला जाऊन आलो, आता गोळ्या बंद’ असे आजोबांनी म्हटले, तर मुलांनी त्यांना प्रेमाने पण ठामपणे अडवावे.

पाणी, जीव आणि जयणा

उकाळलेले पाणी अचित्त मानण्याची सवय असल्यामुळे झऱ्याचे गरम पाणीही तसेच असावे, असा समज सहज होतो. आगमाची भूमिका वेगळी आहे. भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात राजगृहाजवळ वैभार पर्वतापाशी असलेल्या उष्ण झऱ्याचा उल्लेख येतो. त्या झऱ्यात उष्ण योनीचे जीव अप्कायरूपाने उत्पन्न होतात आणि च्यवतात, असा भगवान महावीरांच्या उत्तराचा आशय आहे. राजगीरच्या यात्रेला गेलेल्यांनी वैभारगिरीच्या पायथ्याची गरम कुंडे पाहिलेली असतात. निसर्गतः उष्ण असलेले पाणी निर्जीव ठरत नाही, हा त्यातला बोध तानसाकाठीही तितकाच लागू आहे.

म्हणून कोणी कुंडावर जाणेच टाळील, तर त्याचा आदर करावा. जो प्रकृतीच्या कारणाने जाईल, त्याने पाण्याचे परिमाण ठरवून जावे. एक बादली, एक तांब्या आणि पाणी गाळण्यासाठी एक गरणे सोबत घेतले, की स्नान नेमक्या पाण्यात होते. मर्यादा राखली जाते, वृद्धांना पायऱ्या उतराव्या लागत नाहीत आणि इतरांचे पाणीही गढूळ होत नाही. साबण, शांपू, तेल कुंडात नेऊ नये. हजारो लोकांनी वापरायचे ते पाणी आहे; कुर्नात साबण पडू न देणाऱ्या तुर्की माणसाची काळजी येथेही घेता येईल.

दिवसाची आखणी

सकाळी साडेपाच-सहाला तळवली सोडावी. भिवंडीची कोंडी सुरू होण्यापूर्वी गाडी पुढे निघते आणि कुंडावर गर्दी कमी मिळते. नवकारशीनंतर थोडेसे खाऊन, तासाभराने स्नान करावे. भरल्या पोटी करू नये. सोबत उकाळलेले पिण्याचे पाणी नेहमीपेक्षा अधिक घ्यावे, कारण घामाने ते बरेच खर्च होते. न घसरणारी चप्पल, दोन सुती पंचे, बदलण्याचे कपडे, आडोशासाठी एक जुनी चादर आणि वडीलधाऱ्यांची औषधे वेगळ्या पिशवीत ठेवावीत. चांदी-तांब्याचे दागिने पाण्यातील क्षारांनी काळवंडतात. ते घरीच ठेवावेत. दुपारी बारापर्यंत स्नान व विश्रांती आटोपली, तर परतीच्या वाटेवर भिवंडीत कितीही वेळ गेला तरी सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन करता येते.