जुना कॉम्प्युटर विकण्याआधी मेलचे फोल्डर शोधा

नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड किंवा आउटलुक टाकलं, पासवर्ड दिला, इनबॉक्स भरला. पण इतकी वर्षं नीट लावून ठेवलेले 'बँक', 'सोसायटी', 'आयकर' हे फोल्डर काही येत नाहीत. 'सगळं उडालं' असं समजून लोक हवालदिल होतात. तसं बहुधा झालेलं नसतं. आधी ब्राउझरमधून आपल्या मेल खात्यात शिरा आणि फोल्डर तिथे दिसतात का पाहा. पुढे काय करायचं ते त्यावरच ठरतं.

तिथेही नसतील, तर 'मेल इंटरनेटवरच असतो' हा समज आधी सोडायला हवा. मेल उतरवून घेण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली पॉप, १९८४ची. ती फक्त इनबॉक्समधले मेल आपल्या डिस्कवर आणते. सर्व्हरवरचे फोल्डर तिला कळतच नाहीत. दुसरी आयमॅप, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये रचलेली. तिच्यात फोल्डर सर्व्हरवर राहतात, म्हणून ते प्रत्येक यंत्रावर सारखे दिसतात. जुनं खातं पॉपने जोडलेलं असेल तर तुम्ही केलेले फोल्डर आणि त्या प्रोग्रॅममधून पाठवलेले मेल त्या जुन्या डिस्कवरच असणार. आयमॅप असूनही मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये किंवा आउटलुकच्या वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये हलवले असतील, तरी तेच. म्हणून हा उलगडा होईपर्यंत जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, कोणाला देऊही नका.

उपाय त्याच यंत्रावर आहे. तिथे तेच खातं आयमॅपनेही जोडा आणि डिस्कवरचे फोल्डर त्यात कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. सर्व्हरवर जागा आहे ना, तेही बघा. जीमेलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंनाही पुरवायचे असतात. फोल्डर ब्राउझरमध्ये दिसू लागले की नव्या कॉम्प्युटरवरही येतील.

ब्राउझरमध्ये दिसतात, पण नव्या कॉम्प्युटरवर नाहीत? मग मेल सुखरूप आहेत, अडलंय ते सेटिंगमध्ये. थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा आणि हव्या त्या फोल्डरवर खूण करा. जीमेलचे फोल्डर म्हणजे खरं तर लेबलं. लेबलांच्या सेटिंगमध्ये 'शो इन आयमॅप'ची खूण नसेल तर ती बाहेरच्या प्रोग्रॅमला दिसत नाहीत. फोल्डर आले, पण त्यांतले जुनेच मेल नाहीत, असं आउटलुकमध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५च्या खात्याबाबत दिसलं, तर ऑफलाइन मेल किती काळाचे ठेवायचे ती मर्यादा पाहा. ती बहुधा एका वर्षावर असते.

'खातं काढून पुन्हा जोडा, सगळं ठीक होतं' हा सल्ला मात्र मला सर्वांत घातक वाटतो. आयमॅपला तो सहसा बाधत नाही. पॉपच्या खात्यावर, तेही जुन्या यंत्रावर, तो अमलात आणला आणि थंडरबर्डने विचारल्यावर मेसेज डेटा काढण्याच्या चौकटीत खूण केली, तर एकमेव प्रत पुसली जाते.

आणि सगळीकडे सिंक झालं म्हणजे बॅकअप झाला, असंही नाही. आयमॅपमध्ये एका यंत्रावर फोल्डर डिलीट केला की तो सर्व्हरवरून आणि बाकीच्या यंत्रांवरूनही जातो. वेगळी प्रत हवी असेल तर ती बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.